बांधाचा दगड प्रार्थनेला गेला

मी एक जुना हद्दीचा दगड आहे. थांबा मित्रांनो, लगेच तोंड फिरवू नका! दगड म्हटलं की तुम्हाला वाटतं, हा काय सांगणार? एका जागी बसून ऊन खाल्लं असेल, पाऊस खाल्ला असेल, संपलं. ते इतर दगडांचं. मी तीनदा बैलगाडीत बसलो आहे. भर प्रार्थनेत पहारीनं उलथला गेलो आहे. म्हाताऱ्या बायकांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळी मंडळी गाणं म्हणत माझ्यामागे शेतापर्यंत चालत आली आहे. असं भाग्य किती दगडांच्या वाट्याला येतं? हे सांगायला लागलो की मला धीर धरवत नाही, म्हणून मध्येच पुढचं बोलून गेलो तर सांभाळून घ्या. बाकी माझं सांगणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यात बदल व्हायचा नाही.

आमचं गाव वसमतपासून बरंच आत, एका ओढ्याच्या काठाला आहे. आज त्याला हिंगोली जिल्हा म्हणतात, पण ही गोष्ट घडली तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. गावात विहीर खणताना मी निघालो. वडारांनी सुरुंग लावला, धडाडदिशी आवाज झाला, आणि कधीपासून अंधारात झोपलेला मी एकदम उन्हात येऊन पडलो. काय तो उजेड, काय ते आभाळ! एका वडारानं छिन्नीनं माझी चारी अंगं सरळ केली आणि डोक्यावर आडवा एक चर पाडला. त्या चरामुळे मी साधा धोंडा उरलो नाही, हद्दीचा दगड झालो. मग पहिल्यांदा गाडीत बसलो आणि ग्यानोबाच्या रानात आलो.

ग्यानोबा हा आमच्या गावातला पहिला ख्रिस्ती माणूस. त्याला दोन मुलगे होते, थोरला कोंडीबा आणि धाकटा मुंजाजी. हातपाय थकले तेव्हा त्यानं रानाचे दोन भाग केले. ओढ्याचं पाणी दोघांनाही मिळावं म्हणून त्या म्हाताऱ्यानं फार विचार केला. मुंजाजीचा तुकडा सगळाच ओढ्याला लागून होता. कोंडीबाचा तुकडा वरच्या अंगाला होता, म्हणून त्याला ओढ्यापर्यंत उतरणारी एक चिंचोळी पट्टी दिली, बैलगाडी जाईल एवढी रुंद. त्या पट्टीच्या ओढ्याकडच्या टोकाला, दोघा भावांच्या मध्ये मला बसवायचं ठरलं.

मला बसवण्याआधी ग्यानोबानं खड्ड्यात टोपलीभर कोळसे ओतले. ही आमच्याकडची जुनी रीत. लाकूड कुजतं, माती वाहून जाते, दगडही कुणी उपटून नेतो, पण कोळसा जमिनीत जसाच्या तसा राहतो. दगड हलला तरी कोळसे त्याची जागा सांगतात. मग त्यानं दोन्ही मुलांचे हात माझ्या डोक्यावर ठेवले आणि डोळे मिटले.

"बापा," तो म्हणाला, "ह्या दगडाच्या अल्याड एक लेकरू हाय, पल्याड एक हाय. दोघांच्या ताटात बराबर वाढ. आमेन."

मी ऐकलेली ती पहिली प्रार्थना. एवढीशी होती, पण तिचा भार मला अजून डोक्यावर जाणवतो. मित्रांनो, आम्हा दगडांना वाचता येत नाही, पण वजन मात्र बरोबर कळतं. कोण मनापासून टेकला आणि कोण नुसता टेकल्यासारखं करतो, ते आम्ही लगेच ओळखतो.

त्यानंतरची वर्षं फार मजेची गेली! कोंडीबा माझ्या अंगावर विळ्याला धार लावायचा. त्याची बायको सोजराबाई दुपारची भाकरी आणायची आणि पाण्याचा तांब्या माझ्या डोक्यावरच्या चरात टेकवायची. तांब्या तिथं असा नेमका बसायचा की वडारानं तो चर त्याच्यासाठीच पाडला होता की काय, असं वाटावं. मुंजाजी पलीकडून यायचा, त्याची बायको चांगुणा चटणी आणायची, आणि एक भाऊ माझ्या या बाजूला, दुसरा त्या बाजूला बसून जेवायचा. जेवणाआधी प्रार्थना मुंजाजीनं करायची, हेही ठरलेलंच होतं.

कारण मुंजाजीची प्रार्थना म्हणजे ऐकत राहावी अशी! लिहिणं-वाचणं त्याचं जेमतेम, पण तो देवाशी असा बोलायचा की जणू देव समोर बांधावर बसून बोटानं चटणी चाखून राहिला आहे. कुणाचं लेकरू तापानं फणफणलं, कुणाची गाय अडली, की मुंजाजीला बोलावणं यायचं. तांड्यावरचा गाडीवान भावसिंग ख्रिस्ती नव्हता, पण त्याची बायको मिराबाई बाळंतपणात अत्यवस्थ झाली तेव्हा तोही धावत मुंजाजीकडेच आला होता. बाई वाचली. तेव्हापासून भावसिंग जाता-येता मुंजाजीच्या रानाकडे बघून हात जोडायचा.

मग एका पावसाळ्यात कोंडीबा तापानं गेला. सोजराबाई मागे राहिली, एकटीच. मुंजाजीनं थोरल्या वहिनीला धीर दिला, तिच्या पेरण्या करून दिल्या, हे खोटं कशाला सांगू? माणूस मुळात वाईट नव्हताच. पण तिच्या पट्टीच्या कडेनं नांगर धरताना एके वर्षी त्याचा हात किंचित कलला. बांधाचा वीतभर भाग त्याच्या रानात आला. पुढच्या वर्षी आणखी वीतभर. आमच्याकडे याला बांध कोरणं म्हणतात. उंदीर भाकरी कुरतडतो तसा हा प्रकार असतो, आवाज होत नाही आणि एका दिवसात काही दिसत नाही. फक्त मी जागचा हललो नव्हतो. नांगर माझ्याजवळ आला की त्याला वळसा घालावा लागायचा, आणि बांध आत सरकलेला असताना मी मात्र बाहेर, मुंजाजीच्या रानात उघडा उभा दिसायचो. मी त्याच्या डोळ्यांत सलू लागलो.

बाहत्तरचा दुष्काळ आला आणि गेला. तो सरल्यावर गावातल्या ख्रिस्ती घरांनी ठरवलं की आता लिंबाखाली भरणारी उपासना पक्क्या प्रार्थनाघरात भरवायची. दर रविवारी वसमतहून सायकलवर येणारे हरिचंद पाळक म्हणाले की भिंतीसाठी प्रत्येक घरानं आपापल्या रानातला एक दगड आणावा. स्वतःच्या मालकीचा, स्वतःच्या घामाचा. लोकांना ही कल्पना भारी आवडली. कुणी डोक्यावर आणला, कुणी गाढवावर. भिकाबाई नावाच्या म्हातारीला शेतच नव्हतं, तिनं आपल्या चुलीचा एक दगड आणून दिला आणि उरलेल्या दोन दगडांवर भांडं कसं टेकवायचं, याची काळजी नंतर केली.

मुंजाजीनं मला दिलं.

तेव्हा सोजराबाई माहेरी गेलेली होती. तिच्या माघारी एका सकाळी मुंजाजीनं पहारीनं मला उपटलं. माझ्या बुडाखालून कोळसे ओरबाडत मी वर आलो, आणि भावसिंगच्या गाडीत दुसऱ्यांदा बसलो. खरं सांगतो, मी आनंदानं नुसता उतू गेलो होतो! इतकी वर्षं एकाच ओढ्याकडे बघत बसलेला मी, आता खडखडत गावात निघालो होतो. प्रार्थनाघरापाशी पोहोचलो तर लोकांच्या तोंडी एकच. केवढा दगड! केवढं मन मुंजाजीचं! कुणीतरी म्हणालं की एवढा मोठा दगड भिंतीत कशाला घालवता, पुढे वेदीपाशी बसवा, प्रार्थना करणाऱ्याला गुडघे टेकायला होईल. मी फुगलो, इतका फुगलो की आणखी थोडा फुगतो तर तडकलोच असतो. मुंजाजीनं मात्र गवंड्याला हळूच सांगितलं की सपाट बाजू वर घे. माझं बूड सपाट होतं. म्हणून माझं डोकं खाली गेलं, चर मातीत गाडला गेला, आणि वर राहिला एक अनोळखी काळा चौकोन.

सोजराबाई माहेराहून परतली. बांधावर दगड दिसेना म्हणून तिनं दिराला विचारलं. तो म्हणाला, दुष्काळी कामावर रस्त्याच्या खडीसाठी फोडून नेला असेल लोकांनी. दुष्काळ सरला तरी रस्त्यांसाठी खडी फोडायचं काम अजून जिकडेतिकडे चाललेलं होतंच. तिनं विश्वास ठेवला. प्रार्थना करणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं तिला वाटलं. हे सगळं मी तिच्याच तोंडून ऐकलं, कारण ती माझ्याजवळ बसून भिकाबाईला सांगत होती. मी तिच्या पदराखाली होतो आणि तिला ते माहीत नव्हतं. ओरडावंसं वाटत होतं, पण दगडाला तोंड कुठलं?

मी हलल्यावर नांगराला अडवणारं कुणी उरलं नाही. तीन-चार हंगामांत ती चिंचोळी पट्टी मुंजाजीच्या हळदीत गडप झाली. सोजराबाईचं रान ओढ्यापासून तुटलं. पूर्वी कोंडीबा त्या पट्टीत पाणी उपसायचं भाड्याचं इंजिन बसवून पाट काढायचा. आता पाट काढायचा तर मुंजाजीच्या हळदीतून काढावा लागणार, आणि तो म्हणायचा, वहिनी, उभ्या पिकातनं पाट नेला तर माझं बेणं नासेल. सोजराबाई लांबच्या वळणानं डोक्यावर घागरी वाहू लागली. घागरीनं कुठे हळद भिजते का? दरसाल तिच्या हळदीची पानं गुंडाळायची, पिवळी पडायची, आणि पलीकडे मुंजाजीची हळद कमरेएवढी हिरवीगार उभी राहायची.

आता माझ्यावर टेकणाऱ्या गुडघ्यांची गोष्ट सांगतो. लिंबाखालच्या दिवसांत मुंजाजी प्रार्थनेला बसला की सगळा भार खाली सोडायचा, असं लोक सांगतात. माझ्यावर तो तसा कधीच टेकला नाही. त्याचा भार पायाच्या चवड्यांवर असायचा, आत्ता उठून पळायचं असल्यासारखा. प्रार्थना मात्र लांबत चालली. पूर्वी तो देवाला "बापा" म्हणायचा, आता "हे परम पवित्र, सर्वसमर्थ" अशी सुरुवात करू लागला. आवाज चढला, शब्द वाढले, डोळ्यांतून पाणीही यायचं. लोक म्हणायचे, मुंजाजीची प्रार्थना काय वाढली! फक्त त्याची बायको चांगुणा शेवटी "आमेन" म्हणेनाशी झाली होती. ती बायकांच्या रांगेत बसायची, ओठ मिटून. मला ते ऐकू यायचं. म्हणजे ऐकू यायचं नाही, आणि तेच कळायचं.

एका रविवारी हरिचंद पाळकांनी प्रार्थनेवरच उपदेश केला. पाळक तसे साधे बोलायचे. ते म्हणाले की प्रार्थना आणि जगणं ही एका जुवाची बैलजोडी आहे. एक बैल वेदीकडे ओढतो आणि दुसरा शेजाऱ्याच्या पिकाकडे, मग नांगर कसा चालेल? येशूनं सांगून ठेवलं आहे की अर्पण घेऊन आलास आणि तिथं आठवलं की भावाचं आपल्याकडे काही राहिलं आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी भावाकडे जा. देवाला घाई नाही, तो थांबतो. नीतीनं वागणाऱ्याचा एक शब्द वर पोहोचतो, आणि अनीती करणाऱ्याचं रात्रभराचं बोलणं छपराच्या पत्र्याला लागून खाली पडतं.

पाळकांना काहीएक ठाऊक नव्हतं, मित्रांनो. ते आपले सगळ्यांना सांगत होते. पण माझ्या अंगात काहीतरी सळसळलं.

उपदेश संपला आणि विनवणीची वेळ आली. ज्याला प्रार्थना हवी असेल त्यानं पुढे यायचं, अशी पद्धत. सोजराबाई उठली. पाऊस उघडून बरेच दिवस झाले होते, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात होत्या, आणि तिनं भावाच्या टोळीत नाव दिलं आहे हे गावाला कळलं होतं. एकदा ऊसतोडीला गेलेलं माणूस रानात परत येतंच असं नाही. ती पुढे आली, माझ्यावर गुडघे टेकले. काय ते वजन! घागरी वाहून वाहून झिजलेली बाई ती, पण तिनं सगळा भार माझ्यावर टाकला, काही राखून ठेवलं नाही.

"भाऊजी," ती मुंजाजीकडे वळून म्हणाली, "तुमच्या प्रार्थनेत ताकद हाय. माझ्या रानाला पाण्याची वाट मोकळी व्हावी म्हून देवाला सांगा. न्हाईतर मी चालले. तुमच्या भावाचं रान पडीक पडंल, त्याची मला लई तकलीफ होऊन राहिली."

मुंजाजी आला. तिच्या शेजारी, माझ्यावरच टेकला. एकाच दगडावर ती दोघं! एकेकाळी माझ्या दोन बाजूंना बसून जेवणारं हे घर. आता माझा चर खाली मातीत, आणि वर तिची विनवणी. मला वाटलं, आता मी सुरुंगासारखा फुटणार.

"हे परम पवित्र," मुंजाजीनं सुरुवात केली. आणि थांबला.

लोक वाट बघत राहिले. कुणी खोकलं. बाहेर कुणाची शेळी ओरडली. मुंजाजीनं पुन्हा तोंड उघडलं, पण शब्दच येईना. ज्या माणसाला बोलताना थांबवावं लागायचं, त्याला एक अक्षर फुटेना. आणि तेव्हा, मित्रांनो, तेव्हा त्याचे चवडे सैल पडले. सगळा भार, इतक्या वर्षांचा सगळाच्या सगळा भार माझ्यावर आला. केवढा होता तो! मी पहिल्यांदाच त्या माणसाचं खरं वजन घेतलं.

बायकांच्या रांगेतून चांगुणाचा आवाज आला, अगदी शांत.

"पहार कोपऱ्यात हाय."

बाकी कुणाला काही समजलं नाही. मुंजाजीला समजलं. तो उठला, कोपऱ्यात बांधकामाच्या वेळची पहार उभी होती ती घेऊन आला, आणि सोजराबाईला म्हणाला, "वैनी, जरा बाजूला व्हा." ती उठली. त्यानं माझ्या कडेला पहार घातली आणि जोर लावला.

एकच गोंधळ उडाला! कुणी म्हणालं याला भूत लागलं, कुणी म्हणालं वेदी फोडायला निघाला, दोघं-तिघं त्याला धरायला धावले. हरिचंद पाळकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मी कुरकुरलो, फरशीचा चुना सुटला, आणि धप्पकन उलटा होऊन पडलो. अहाहा! डोकं वर आलं! मुंजाजीनं तळहातानं माझ्यावरची माती पुसली. चर दिसला.

सोजराबाई वाकली. तिनं चरावरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जिथं ती पाण्याचा तांब्या टेकवायची.

"ह्यो आपल्या बांधाचा दगड हाय," ती म्हणाली.

"व्हय वैनी. खडीवाल्यांनी न्हाई फोडला. म्याच आणला." मुंजाजी खाली बघून बोलत होता. "म्या तुमची वाट खाल्ली, आन त्याच दगडावर बसून देवाला हाका मारून राहिलो."

ती रडेल, शिव्या देईल, निदान तोंड फिरवून निघून जाईल, असं मला वाटलं. तिनं यातलं काही केलं नाही. ती एवढंच म्हणाली की आधी दगड जागेवर जाऊ द्या, बाकीचं मग बोलू. पाळकांनी पुस्तक मिटलं आणि जाहीर केलं की आजची उपासना संपलेली नाही, अर्धी राहिली आहे, ती रानात होईल.

आणि निघाली की हो मिरवणूक! भावसिंगची गाडी आली. चार जणांनी मला उचललं आणि तिसऱ्यांदा, डोकं वर करून, राजासारखा मी गाडीत बसलो. बैल उधळल्यासारखे चालत होते, भावसिंग त्यांना आवरत होता आणि मागे वळून विचारत होता की देवाच्या घरातून दगड परत घ्यायची ही कुठली नवी रीत म्हणायची. भिकाबाईनं गाणं सुरू केलं, पोरं पुढे पळू लागली. चांगुणा गाडीमागे अनवाणी चालत होती आणि तिच्या चेहऱ्यावरची घडी मोडली होती.

रानात पोहोचलो. आता खरी परीक्षा होती. जागा कुठली? बांध तर केव्हाच नांगरून गेला होता, आणि सगळीकडे मुंजाजीची हळद उभी होती. कोळसे शोधायचे, दुसरा उपाय नव्हता. मुंजाजीनं कुदळ घेतली आणि हळदीच्या अगदी कडेला, जिथं सोजराबाईला पायवाटेएवढी जागा मिळाली असती, तिथं खणायला लागला. माती निघाली, कोळसा निघाला नाही. तो थोडा आत सरकला, हळदीची चार-दोन ताटं उपटली, पुन्हा खणलं. तिथंही नाही. आणखी थोडा सरकला. आता पाट जाईल एवढी जागा झाली होती, आणि तो कुदळ टेकून उभा राहिला, जणू आता कोळसे सापडले नाहीत तरी चालेल. पश्चात्ताप करतानासुद्धा माणूस बांध कोरतो, मित्रांनो! मी गाडीत बसून हे बघत होतो आणि माझा जीव वरखाली होत होता. मला माझी जागा ठाऊक होती, चांगली ठाऊक होती, पण सांगणार कसा?

चांगुणा पुढे झाली. "काहून थांबले? अजून आत हाय," ती म्हणाली, आणि स्वतःच हळदीत शिरली. जिथं पीक सगळ्यात दाट, सगळ्यात उंच होतं, तिथं वाकून तिनं दोन्ही हातांनी ताटं उपटायला सुरुवात केली. स्वतःच्या घरचं पीक! मग मुंजाजीनं डोक्याचा पटका काढून बाजूला टाकला आणि तिच्या शेजारी जाऊन कुदळ मारली. कच्ची, ओली, पिवळी हळद मातीसकट वर येत होती. आणि मग कुदळीबरोबर काळं काहीतरी वर आलं.

कोळसे! ग्यानोबानं ओतलेले कोळसे, जसेच्या तसे! मुंजाजीनं एक हातात घेतला. त्याच्या हातावर पिवळी हळद होती, तिच्यावर काळा डाग उमटला. तो तिथंच खाली बसला आणि रडला. प्रार्थनाघरात रडायचा तसा नाही. लहान मूल बापाला धरून रडतं तसा.

मला खड्ड्यात उतरवलं. बूड खाली, डोकं वर, जसा पहिल्यापासून होतो तसा. कोळशांवर टेकलो तेव्हा मला जे वाटलं ते सांगायला शब्द नाहीत. घरी आलो, एवढंच म्हणतो. माझ्या मागे गाडीवाटेएवढी पट्टी पुन्हा सोजराबाईची झाली होती, आणि खाली ओढ्याचं पाणी चमकत होतं.

मुंजाजीनं हात माझ्या डोक्यावर ठेवला. सगळ्यांना वाटलं, आता हा मोठी प्रार्थना करणार.

"बापा," तो म्हणाला, "दगड जाग्यावर ठेवला."

तेवढीच प्रार्थना. लोक एकमेकांकडे बघू लागले, कारण अजून कुणी "आमेन" म्हटलं नव्हतं. सगळे सोजराबाईकडे बघत होते. तिनं भावसिंगच्या गाडीतला पाण्याचा तांब्या घेतला, ओढ्यावर जाऊन भरून आणला, आणि माझ्या डोक्यावरच्या चरात टेकवला. तो तिथं बरोबर बसला.

"आमेन," सोजराबाई म्हणाली. आणि मग दिराला म्हणाली, "बसा भाऊजी. पाणी प्या."

त्या वर्षी सोजराबाई ऊसतोडीला गेली नाही. मुंजाजीनं स्वतः इंजिन आणून तिचा पाट काढून दिला. उशिरा पाणी मिळालेली तिची हळद काही फार पिकली नाही, पण पुढच्या वर्षी मात्र अशी आली की वसमतच्या बाजारात लोक हातात घेऊन बघत राहिले. मुंजाजीला पुन्हा बोलावणी येऊ लागली. तो जायचा, खाली बसायचा आणि थोडंच बोलायचा. चांगुणा "आमेन" म्हणायची, तेही मोठ्यानं. हे मला भावसिंगनं सांगितलं, म्हणजे माझ्यावर बसून बैलांना सांगितलं, मी ऐकलं.

आणि प्रार्थनाघरात माझ्या जागी काय बसवलं? काहीच नाही! नवा दगड आणायचा म्हणून गवंडी आला होता. पाळकांनी सोजराबाईला विचारलं, तर ती म्हणाली की तिथं खड्डाच राहू द्या. अजूनही आहे म्हणतात. प्रार्थनेला टेकायला गेलं की गुडघा खोलगट मातीत बसतो, आणि नवीन आलेला माणूस दचकून विचारतो की इथला दगड कुठे गेला. मग कुणीतरी त्याला ही गोष्ट सांगतं.

आता मी म्हातारा झालो आहे. माझ्या कडा झिजल्या, एका अंगाला शेवाळ आलं. तुम्ही पोरं माझ्यावर उड्या मारता, बोरं फोडता, खुशाल मारा आणि फोडा, मला आवडतं. तुम्ही चर्चमध्ये प्रार्थना करत असाल, देवळात, विहारात किंवा मशिदीत करत असाल, ते तुमचं तुम्ही ठरवा. मागणं एवढंच आहे, मित्रांनो. गुडघे टेकण्याआधी एकदा हात घालून बघा, आपण ज्याच्यावर टेकणार आहोत तो दगड कुणाच्या बांधावरचा तर नाही ना. असला, तर प्रार्थना तिथंच थांबवा. पहार कोपऱ्यातच असते.